चावीजवळचा लाल दिवा

जुन्या लहान ट्रॅक्टरच्या पॅनलवर, चावीच्या अगदी जवळ, एक छोटा लाल दिवा असतो. त्याच्या काचेवर बॅटरीचं चित्र असतं, पण काही पावसाळे गेले की धुळीने आणि तेलकट बोटांनी ते पुसून जातं. चावी फिरवली की दिवा लागतो. इंजिनाने सूर धरला की विझतो. हे लागणं-विझणं इतकं अंगवळणी पडतं की चालवणाऱ्याची नजर तिथे थांबत नाही. मला मात्र या दिव्याविषयी माया आहे. ती का, हे सांगायचं तर आधी आमच्या मुलखात यावं लागेल.

तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत रावेर-यावलचा पट्टा पसरलेला आहे. हा केळीचा मुलूख. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून सावदा-रावेरच्या स्टेशनांवरून केळीच्या वाघिणी उत्तरेकडे जात आल्या आहेत. इथे वर्षाची मोजणी बागांवरून होते. पावसाच्या तोंडावर लावली ती मृगबाग, पाऊस ओसरताना लावली ती कांदेबाग, आणि कापणीनंतर बुंध्याशी राखलेल्या पिलावर घेतली ती पिलबाग. पाच फुटांवर ओळ, पाच फुटांवर रोप अशी जुनी लावण. त्या ओळीतून मोठा ट्रॅक्टर जात नाही. पूर्वी बैल जायचे, आता लहान ट्रॅक्टर जातो. पानं वाढून एकमेकांना भिडेपर्यंत, तण काढायला आणि बुंध्याला मातीची भर द्यायला, तो त्या हिरव्या बोळांतून हळूहळू फिरत राहतो. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लागतो त्याच दिवशी आमच्याकडे त्याच्याही बॉनेटला हळदकुंकू लागतं, हार पडतो.

बागेतलं काम संथ असतं. रेस कमी, गिअर पहिला किंवा दुसरा, ठिबकच्या नळ्या जपत, वळणावर थांबत. मधेच उतरायचं, इंजिन बंद करायचं, नळी बाजूला करायची, पुन्हा सेल्फ मारायचा. आणि शेतीची थ्री-फेज लाइट ज्या आठवड्यात रात्रीची असते त्या आठवड्यात ट्रॅक्टर बागेच्या धुऱ्यावर उभा असतो तो फक्त उजेडासाठी. हेडलाइटच्या झोतात केळीची पानं काळीनिळी दिसतात, दव पडत असतं, आणि माणूस वाकून व्हॉल्व्ह फिरवत असतो. त्या उजेडाचा सगळा भार एका बॅटरीवर असतो, हे त्या वेळी कुणाच्या मनातही येत नाही.

आमच्या जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरू लागली ती अशाच दिवसांत. सकाळी चावी फिरवली की सेल्फ एक हुंकार द्यायचा आणि गप्प व्हायचा. धक्का द्यावा लागे, नाहीतर उतारावर उभा करावा लागे. चमत्कारिक गोष्ट अशी होती की फैजपूरच्या रस्त्याने ट्रॉली घेऊन गेलं की परत येईपर्यंत तो ताजातवाना व्हायचा, रात्री सेल्फवर झटक्यात सुरू व्हायचा. मग पुन्हा बागेत उतरला की दिवसागणिक मंद होत जायचा. दुकानात सांगितलं गेलं, बॅटरी गेली. गावात ज्याने त्याने सांगितलं, बॅटरी गेली. बॅटरीवर संशय घेणं सोपं असतं, कारण ती डोळ्यांना दिसते, उचलून नेता येते, आणि नवीन आणली की दोन-चार आठवडे खरंच सगळं सुरळीत चालतं. नव्या बॅटरीत दुकानातून भरून आलेली वीज असते. ती संपेपर्यंत मूळ दुखणं झाकलेलं राहतं. मग तीही उतरते, आणि लोक कंपनीला नावं ठेवतात. खान्देशात अशा किती चांगल्या बॅटऱ्या भंगाराच्या काट्यावर गेल्या असतील याचा विचार केला की मला वाईट वाटतं.

माझं आजोळ धुळ्याकडचं. तिकडे कापूस, बाजरी, पांझरेचं पाणी मिळालं तर थोडा भाजीपाला. मामांच्या ओळखीचे एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन होते. त्यांना सगळे नाना म्हणत. धुळं हे चौफुलीचं गाव. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरतेकडून नागपूरकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात, सोलापूरचा रस्ताही इथेच येऊन मिळतो. रात्रंदिवस ट्रक जातात, आणि ट्रक जिथून जातात तिथे बिघडतातही. त्या ट्रकांच्या पोटाखाली झोपून नाना विजेचं काम शिकले. ते शिकले तेव्हा डायनॅमोचा जमाना होता. पट्ट्याने फिरणारा गोल पिंप, आत आर्मेचर, त्यावर घासणारे कार्बन, आणि बाजूला कटआऊटची काळी डबी. इंजिनाने वेग घेतला की त्या डबीत टक् असा आवाज व्हायचा आणि मीटरचा काटा उजवीकडे झुकायचा. नाना तो आवाज इंजिनाच्या गोंगाटातही ऐकू शकत.

आपल्या देशात ट्रॅक्टर बनू लागले तेही साधारण त्याच काळात. १९५९ मध्ये फरीदाबादला आयशर, १९६३ मध्ये महिंद्राची इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबरची कंपनी, १९७१ मध्ये एचएमटी, १९७४ मध्ये पंजाबात स्वराज. मद्रासजवळ पाडीला १९६१ साली लुकास-टीव्हीएस उभी राहिली आणि सेल्फ, डायनॅमो इथेच तयार होऊ लागले. पुढे डायनॅमो गेला, त्याच्या जागी अल्टरनेटर आला. गावात आजही त्याला डायनॅमोच म्हणतात, आणि त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते जुनी सवय नव्या यंत्राला लावल्याने. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून बघायचं, इंजिन दिवे चालू ठेवून चाललं म्हणजे चार्जिंग ठीक, ही ती सवय. डायनॅमोवर ती चालून जायची. अल्टरनेटरमध्ये वीज तीन वेटोळ्यांत उलटसुलट वाहणारी तयार होते आणि सहा डायोड तिला एका दिशेने वळवतात. चालू यंत्रातून बॅटरी अचानक तोडली की दाब एकदम उसळतो आणि ते डायोड क्षणात जळतात. तपासायला गेलेला माणूस धडधाकट अल्टरनेटर मारून परत येतो. नानांनी आयुष्यभर या एका गोष्टीविरुद्ध लोकांना सांगितलं, आणि मीही ज्याला त्याला सांगत आलो आहे.

नानांची लेक फैजपूरला दिलेली. हिवाळ्यात ते लेकीकडे आले की भरिताच्या निमित्ताने आमच्या मळ्यात येत. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली जात, कळण्याच्या भाकरी होत, आणि संध्याकाळ लांबत जाई. त्या वर्षी त्यांनी जेवायच्या आधीच ट्रॅक्टरकडे पाहिलं. बॅटरीवर हात ठेवला, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट खार पाहिला आणि म्हणाले, "भो, बॅटरी मरेल नही, उपाशी शे." म्हणजे बॅटरी मेलेली नाही, उपाशी आहे.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आले. रात्रभर स्वस्थ राहिलेल्या बॅटरीचाच आकडा खरा, असं त्यांचं म्हणणं. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरं असतात, प्रत्येकात दोन व्होल्टच्या थोडी वर वीज. पोट भरलेली असेल तर स्वस्थ बॅटरी साडेबाराच्या वर, १२.६ किंवा १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी. बाराच्या खाली गेली म्हणजे जवळजवळ रिकामी. आमची बाराच्या जरा वर होती. मग त्यांनी सहाही बुचं उघडली आणि काचेच्या नळीतला हायड्रोमीटर एकेका घरात घातला. सगळ्या घरांत तरंग जवळपास सारख्याच उंचीवर आला. एखादं घर मेलेलं असतं तर तिथे तो बुडाला असता. सहाही सारखीच उपाशी, म्हणजे बॅटरी निर्दोष. तिला वाढणारं कुणीतरी चुकतं आहे.

शिसं आणि आम्ल यांची ही जोडी जुनी आहे. गास्तों प्लान्ते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये ती पहिल्यांदा जुळवली, आणि मूळ रसायन आजही तेच आहे. वीज निघून जाते तेव्हा पत्र्यांवर शिशाचं सल्फेट जमतं, वीज परत आली की ते विरघळतं. पण बॅटरी फार दिवस उपाशी ठेवली तर त्या सल्फेटचे कठीण खडे होतात आणि मग ते विरघळत नाहीत. आमच्याकडचा उन्हाळा तिच्या मुळावर येतो तो वेगळाच. वैशाखात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या पलीकडे जातो, घरांतलं पाणी उडतं, पत्रे उघडे पडतात. तेव्हा विहिरीचं पाणी घालण्याचा मोह होतो. इथल्या विहिरींचं पाणी जड, क्षारांचं. ते भातालाही नीट मऊपणा देत नाही. बॅटरीला तर डिस्टिल्ड वॉटरच हवं.

मग सुरू झाला शोध. आज इतक्या वर्षांनी मला त्यातली घाई नसणंच जास्त आठवतं. नानांनी पाना हातात घ्यायच्या आधी सालदाराला बोलावलं. आमच्याकडे सालदार आखाजीला ठरतो आणि पुढच्या आखाजीपर्यंत यंत्राशी त्याचाच सगळ्यात जास्त सहवास असतो. त्याला नानांनी एकामागून एक विचारलं. कधीपासून उतरते? रस्त्यावर गेल्यावर काय होतं? पाऊस लागला होता का? खताच्या गोण्या कुठे ठेवता? शेवटचा प्रश्न मला नवा होता. पोटॅशच्या गोण्या ट्रॉलीत येतात, त्यांची धूळ उडते, दवात भिजते, आणि तो खारट ओलावा तांब्याच्या वायरी आतून खातो. बाहेरून वायर लाल-काळी साजरी दिसते, आत हिरवी भुकटी झालेली असते. केळीच्या मुलखातल्या वायरिंगचा हा खास रोग. त्यात बागेत उंदीर, आणि उंदरांना वायरीचं आवरण कुरतडायला आवडतं.

टर्मिनल काढून त्यांनी सोड्याच्या गरम पाण्याने धुतली, आधी काळी म्हणजे अर्थची, मग लाल. लावताना उलट, आधी लाल. कोरडी करून वर व्हॅसलीनचा हात. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, अर्धा इंच दबला, तेवढा हवाच. बॅटरीची अर्थची पट्टी चासीला जिथे बोल्टने आवळलेली होती तिथला रंग आणि गंज खरवडला. इंजिन चालू करून मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या जाड वायरीवर, दुसरं बॅटरीच्या लाल टोकावर ठेवलं. दोन ठिकाणांत फरक नसावा, असला तर दोन दशांश व्होल्टपर्यंत. जास्त निघाला तर वाटेत कुठेतरी वीज अडते आहे असं समजायचं. तसंच अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या काळ्या टोकापर्यंत. दोन्हीकडे फरक निघाला नाही. बॅटरीवर मात्र मीटर १२ च्या आसपास रेंगाळत होता. चार्जिंग नीट असतं तर तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवा होता.

नानांनी हातातली रेस हळूहळू वाढवली. इंजिनाचा आवाज चढत गेला, बागेच्या कडेचे बगळे उडाले, मीटर ढिम्म. अजून थोडी वाढवली. आणि एका क्षणी आकडा एकदम उसळून १४.१ वर गेला आणि तिथेच स्थिरावला. रेस खाली आणली तरी तो खाली आला नाही. त्यांनी इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं, मंद ठेवलं. पुन्हा १२. नाना हसले. रस्त्यावर का भरते आणि बागेत का उतरते, या कोड्याचं उत्तर त्या उसळीत होतं.

अल्टरनेटर स्वतःहून वीज करत नाही. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलं की तारेच्या वेटोळ्यापुढे चुंबक हलला की तारेत वीज उभी राहते. अल्टरनेटरमध्ये फिरतो तो चुंबकच, पण तो कायमचा चुंबक नसतो. लोखंडावर गुंडाळलेली तार असते, आणि तिच्यातून वीज गेली तरच ते लोखंड चुंबक बनतं. म्हणजे वीज तयार करायला आधी थोडी वीज लागते. दूध कितीही चांगलं असलं तरी विरजण लावल्याशिवाय दही लागत नाही, तसं हे. ते विरजण बॅटरीतून येतं, आणि येतं त्या लाल दिव्यातून. चावी फिरवली की बॅटरीची वीज दिव्याच्या तारेतून पार होऊन अल्टरनेटरच्या पोटात जाते, जेमतेम पाव अँपिअर. जाता जाता दिवा लागतो. इंजिन सुरू झालं, अल्टरनेटरने स्वतःची वीज उभी केली, की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो, वाहायला काही कारण उरत नाही, आणि दिवा विझतो. इतकी वर्षं मी त्याला फक्त इशारा देणारा समजत होतो. आणि गावातले बहुतेक लोक अजूनही तसंच समजतात. लाल दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक, हा समज इथूनच येतो.

सालदार बाजूला उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "भाऊ, हा दिवा पोळ्यापासून चावी फिरवल्यावर लागतच नाही." त्याचं हे वाक्य मला त्या सगळ्या तपासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. त्याने पाहिलं होतं, लक्षात ठेवलं होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

दिव्याच्या बल्बची तार तुटली होती. त्यामुळे विरजणाची वाट बंद. तरीही लोखंडात जुन्या चुंबकपणाचा थोडा अंश उरलेला असतो. रस्त्यावर जोराने फिरताना तेवढ्या अंशावर अल्टरनेटर कसाबसा जागा व्हायचा, आणि एकदा जागा झाला की इंजिन बंद होईपर्यंत काम करायचा. बागेत मंद रेसवर, घडीघडी बंद-चालू करताना, तो जागाच होत नसे.

तरी नानांनी पुरावा घेतल्याखेरीज बल्ब बदलला नाही. चावी चालू, इंजिन बंद ठेवून त्यांनी अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ लहान पाना धरला. ओढ नाही. मग होल्डरला दोन वायरी जोडलेला आपला बल्ब काढला, एक वायर बॅटरीच्या लाल टोकाला, दुसरी अल्टरनेटरच्या मागच्या बारीक टोकाला. बल्ब लागला, आणि पाना बेअरिंगकडे खेचला जाऊन चिकटला. त्यांनी पाना माझ्या हातात दिला. ती ओढ मी माझ्या बोटांत अनुभवली. दिसत नाही, ऐकू येत नाही, वास नाही, आणि तरी हाताला ओढते. मी शाळेत चुंबकाचा धडा शिकलो होतो. पण त्या सकाळी केळीच्या धुऱ्यावर ती गोष्ट मला पहिल्यांदा कळली. पाना बाजूला ठेवून इंजिन मंद रेसवर सुरू केलं. बल्ब विझला. मीटर १४.

सगळेच ट्रॅक्टर असे नसतात, हे इथे सांगायला हवं. काही लहान ट्रॅक्टरांत कायमच्या चुंबकाचा डायनॅमो असतो आणि वेगळी रेग्युलेटरची पेटी असते. तिथे दिव्याचा बल्ब गेला म्हणून चार्जिंग अडत नाही. तिथे डायनॅमोच्या दोन वायरींवर उलटसुलट वाहणारी वीज येते का, आणि रेग्युलेटरच्या अंगाला अर्थ नीट मिळतो का, हे बघायचं. काही ठिकाणी कार्बन झिजलेले असतात. कुठे एखादा डायोड गळतो आणि उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी रात्रभरात पिऊन टाकतो. ते ओळखायला चावी बंद करून काळी वायर काढायची आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये बल्ब लावायचा. बल्ब लागला तर वीज कुठेतरी चोरून वाहते आहे. यंत्र कुठलं आहे ते आधी ओळखावं, मगच त्याला हात लावावा.

नाना आता नाहीत. आमचा जुना ट्रॅक्टर आहे. सहा घरांची तीच बॅटरी त्यानंतरही कित्येक उन्हाळे चालली. बागेत ओळी पाच फुटांच्याच आहेत, नव्या ट्रॅक्टरचे हप्ते सगळ्यांना झेपत नाहीत, आणि जुनी यंत्रं दुरुस्त करत चालवणं ही आमच्याकडची शेती चालवण्याची रीत आहे. वाईट याचं वाटतं की नानांसारखं विचारत विचारत, मोजत मोजत दुखण्यापर्यंत जाणारे हात कमी झाले. भाग काढून नवा बसवणं झटपट होतं. त्यात दुकानाचं भलं होतं, कधीकधी शेतकऱ्याचंही होतं, पण मूळ दुखणं बरेचदा तसंच राहतं. जळगाव-धुळ्याच्या आयटीआयमधली ट्रॅक्टर आणि मोटार मेकॅनिकची मुलं हे काम शिकतात. त्यांना गावोगावच्या मळ्यांत बोलवायला हवं, आणि घाई न करता काम करू द्यायला हवं.

तुमच्या मळ्यात जुना ट्रॅक्टर असेल तर दोन-तीनशे रुपयांचा एक मीटर टूलबॉक्समध्ये ठेवा. उद्या सकाळी सेल्फ मारण्याआधी नुसती चावी फिरवा आणि लाल दिवा लागतो का ते बघा. लागत नसेल तर बॅटरीच्या दुकानात जाण्याआधी बल्ब बदला. चालू इंजिनावर टर्मिनल काढू नका, दुसऱ्याला काढू देऊ नका. आणि ट्रॅक्टर रोज जो चालवतो, त्याला आधी विचारा.